दात बघून घ्यावेत

नांदेडहून लातूरला निघालं की लोहा ओलांडल्यावर माळेगाव लागतं. खंडोबाचं. मार्गशीर्षात तिथं यात्रा भरते आणि घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा मोठा बाजार होतो. या बाजारात जनावर घ्यायला आलेला माणूस आणि जुनी मोटारसायकल घ्यायला निघालेला माणूस, दोघं एकाच शाळेत शिकलेले असतात. दोघंही एकटे येत नाहीत. जे पसंत पडलंय त्याच्याकडं पाठ करून उभे राहतात आणि शेजारच्या, मुळीच नको असलेल्या मालाची बारीक चौकशी करतात. किंमत अगदी शेवटी विचारतात. आणि घ्यायचं मनात पक्कं झालं की "बघू, घरी इचारून सांगतो" असं म्हणतात. घर सगळं त्यांच्या मागंच उभं असतं.

आमच्या भागात मोटारसायकल येऊन जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्या. बैल त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यामुळं जुनी गाडी बघायला जाताना जे ज्ञान सोबत न्यायचं ते आमच्याकडं गोठ्यातून येतं, आणि ते बहुधा मामांजवळ असतं.

माझे मामा कंधारकडचे. दारात लाल कंधारीची जोडी, आणि जगातल्या इतर समस्त जनावरांबद्दल, त्यातही लातूर जिल्ह्यातल्या देवणीबद्दल, मनात सभ्य असा संशय. आयुष्यात त्यांनी विकत घेतलेलं एकमेव इंजिन विहिरीवरचं. पण मी जुनी गाडी बघतोय हे कळल्यावर ते धुतलेलं धोतर नेसून नांदेडला हजर झाले. "मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणाले, आणि मिस्त्रीच्या आधी जाऊन बसले.

गाडी कसली ते सांगतो. मला हवी होती स्पोर्ट्स टूरर. पळायला शर्यतीच्या गाडीची चुलत बहीण, पण दिवसभर चालवली तरी कंबर शाबूत ठेवणारी. या जातीच्या मूळ पुरुषांत जर्मनांची बीएमडब्ल्यू आर-१०० आरएस मोडते. १९७६ साली विंड टनेलमध्ये घासूनपुसून तयार केलेलं पूर्ण आवरण पुढं लावून ती बाजारात आली, म्हणजे वारा चालवणाऱ्याच्या छातीवर न बसता दोन्ही बाजूंनी निघून जावा. आपल्याकडं हा वंश लोकांच्या नजरेत भरला २००३ साली, हिरो होंडाच्या करिझ्मामुळं. २२३ सीसी, पंधरा लिटरची टाकी आणि जाहिरातीत हृतिक रोशन. मग २००७ला बजाजची पल्सर २२०, २०११ला होंडाची सीबीआर २५०, २०१६च्या अखेरीस डोमिनार ४०० आणि त्यानंतर वर्षभरानं टीव्हीएसची अपाची आरआर ३१०. यातल्या कुठल्याही गाडीचं पोस्टर एके काळी आपल्या खोलीत नव्हतं असं म्हणणारा आमच्या पिढीचा माणूस एक तर खोटं बोलतो किंवा त्याला खोलीच नव्हती.

मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत टूरिंग म्हणजे लडाख. आमचे मार्ग ठरलेले आहेत. माहूर, औंढा, परळी, तुळजापूर. लग्नसराईत रोज एक तालुका. तुळजापूरहून निघणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत पुढं यवतमाळ-वर्ध्याकडं जातो, आणि या रस्त्यानं जाताना गाडीला जे सोसावं लागतं ते जर्मन विंड टनेलमध्ये तपासत नाहीत. मे महिन्याची त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री. गावागावानं आपापल्या मर्जीप्रमाणं घातलेले गतिरोधक, ज्यांच्यावरून जाताना गाडीचं पोट घासतं आणि चालवणारा नकळत मूळव्याधीच्या डॉक्टरचं नाव घेतो. पावसाळ्यात काळ्या रानातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरनं डांबरावर सांडलेली चिकण माती. हिवाळ्यात दोन ट्रॉल्या ऊस आणि एकही लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर. टूरिंग म्हणून लडाखला जाणारी माणसं बहुधा थोडी विश्रांती हवी म्हणून जात असावीत.

शिवाय मागच्या सीटचा प्रश्न. कंपनीनं ही सीट वीतभर उंच आणि चार बोटं रुंद अशी काढलेली असते. ती काढणाऱ्या इंजिनिअरचं लग्न झालेलं नसावं. सरकारला मात्र संसार कळतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा एक मायाळू नियम आहे. मागं बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय टेकायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं. म्हणजे आपलं साडी गार्ड. प्रत्येक नव्या स्पोर्ट्स गाडीला ते लावून येतं आणि प्रत्येक पहिला मालक ते शोरूमच्या अंगणातच काढून टाकतो, कारण तेव्हा त्याचं लग्न ठरायचं असतं. दुसरा मालक ते शोधत फिरतो. "साडी गार्ड आहे का हो?" असं विचारलं की विकणाऱ्याला आपलं वय, वैवाहिक स्थिती आणि अडचण एकाच वेळी कळते, आणि भाव जागच्या जागी दोन हजारांनी वर सरकतो.

जाहिराती मी पुष्कळ वाचल्या. मोबाइलवर तर असतातच, पण आमच्याकडं त्या चहाच्या टपरीवर, आयटीआयच्या कोपऱ्यावर, दाढी करतानाही कानावर येतात. त्यातली भाषा ठरलेली. सिंगल हँड. पेपर क्लिअर. इंजिनला पाना लागलेला नाही. गाडी आधी कुणाची होती यावर तिची जात ठरते. सर्वांत वरची जात शिक्षकाची. त्याखालोखाल बँकेतल्या साहेबांची. डॉक्टरची म्हटलं की मी जरा थांबतो, कारण नांदेड-लातुरात डॉक्टर होऊ घातलेल्यांची संख्या इतकी आहे की "डॉक्टर युज्ड" म्हणजे अकरावीतला मुलगाही असू शकतो. "लेडीज युज्ड" अशी एक डोमिनार मी पाहिली. विकणाऱ्याच्या दाढीवरून त्यात काही तथ्य वाटलं नाही. पोलिसाची गाडी स्वस्त मिळते. मामा म्हणतात ती बघायलासुद्धा जाऊ नये, न घेता परत येणं अवघड जातं.

भावाला ऋतू असतात हे मामांनी सांगितलं. मृग जवळ आला, बी-खताची जुळवाजुळव सुरू झाली आणि त्यातच पोरांच्या कॉलेजची फी आली, की दारातल्या गाड्या बाजारात येतात. दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकलं की त्याच गाड्या दहा-पंधरा हजारांनी महाग होऊन तशाच दुसऱ्यांच्या दारात जातात. घ्यायची तर पेरणीच्या तोंडावर आणि विकायची तर काढणीनंतर. हे इतकं उघड आहे की सगळे जण नेमकं उलटं करतात, कारण पैसे असतात तेव्हाच घ्यावी लागते.

नांदेडमधल्या गाड्या बघायला आम्ही आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. हा वजिराबादेकडचा माणूस दखनीत बोलतो आणि इंजिनाच्या बाबतीत त्याचं निदान हकिमाचं आहे. गाडीपाशी गेल्यावर आधी तो इंजिनावर तळहात ठेवतो. गार असेल तर सुरू करायला सांगतो. गरम असेल तर मागं फिरतो, कारण गार इंजिनच खरं बोलतं. सकाळी कुरकुरणारी गाडी आधीच अर्धा तास फिरवून आणली तर ती गिऱ्हाइकासमोर गुणी लेकरू होते. ही तपासणी हिवाळ्यात उत्तम. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचं इंजिन तापलेलं, सीट तापलेली, किल्लीही तापलेली. विकणारा म्हणायचा, "कालपासून हात लावला नाही बघा," आणि त्याचं म्हणणं खरंही असेल, पण मिस्त्रीचा हात भाजत होता.

मग तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या हेडला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. डोळे मिटतो. अंगणातले सगळे गप्प होतात. आतली बाईसुद्धा मिक्सर बंद करते. एका करिझ्मापाशी तो असा बराच वेळ उभा राहिला. टाकीवर अजून हिरो होंडाचं जुनं नाव होतं. ती भागीदारी मोडून दीड दशक झालं, पण त्या नावाच्या टाकीला आमच्याकडं खानदानी घराण्याचा मान आहे. डोळे उघडून मिस्त्री म्हणाला, "इंजन कू हात नै लगा साब. चेसी कू भौत लगा." गाडी कधीतरी ट्रॉलीवर आदळली होती. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर जिथं अडतं तिथल्या लोखंडावर खोल ठेच होती, आणि पुढचं चाक मागच्याच्या रेषेत नव्हतं. विकणाऱ्यानं शांतपणे सांगितलं, "तेवढं तर हर गाडीत असतंय."

दुसऱ्या एका पल्सरभोवती मामांनी एक फेरी मारली. डावीकडचं फायबर काळंभोर, उजवीकडचं राखाडीकडं झुकलेलं, पुढचा मडगार्ड तिसऱ्याच काळ्याचा. देवणी गुरांचे रंगावरून तीन प्रकार सांगतात: वानेरा, बाळंक्या आणि शेवरा. शेवरा म्हणजे पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे ठिपके असलेला. मामा माझ्या कानाशी लागले. "ही शेवरा हाय. आन् जन्मानं न्हाई, पडून झालेली." मिस्त्रीनं नंतर सांगितलं ते हेच, फक्त त्यानं फायबरच्या आतल्या बाजूचे तुटलेले कान दाखवून सांगितलं.

स्टिकरांवरूनही पुष्कळ कळतं. नवी नंबरप्लेट सक्तीची झाल्यापासून ४१४१ या आकड्याचं "दादा" करायची सोय गेली आणि एका मोठ्या कलापरंपरेचा अंत झाला. पण टाकीवरून काढलेल्या स्टिकरची सावली राहते. उन्हानं आजूबाजूचा रंग उडतो, स्टिकरखालचा टवटवीत राहतो. एका गाडीवर अशी तीन नावं एकावर एक वाचता येत होती. सगळ्यांत खाली आई-बाबांचा आशीर्वाद, त्यावर एका मुलीचं नाव, त्यावर एका नेत्याचं. गाडीनं घरापासून राजकारणापर्यंतचा प्रवास केला होता आणि मीटर म्हणत होतं अकरा हजार किलोमीटर. मीटरवर मामांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी ब्रेकचा पेडल बघितला. पायाखालचं रबर गुळगुळीत झालेलं, आतलं लोखंड चकाकतंय. "खूर झिजल्यात," म्हणाले.

कागदांचा प्रकार याहून रंगीत. आमच्याकडं टीटी न करता, म्हणजे कागदोपत्री नाव न बदलता, गाडी विकण्याची एक थोर पद्धत आहे. पहिला मालक २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून देतो आणि पुण्याला निघून जातो. ते फॉर्म आणि गाडी मग दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, तिसऱ्याकडून मेव्हण्याकडं जातात. चौथा माणूस आपल्याला ती विकताना "सिंगल हँड" म्हणतो, आणि आरसी बुकापुरतं ते खरंच असतं. कायद्यानं विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका निकालात सांगितलं की गाडी पुढं कितीही हातांत गेली तरी अपघाताची भरपाई ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्या गळ्यात पडते. म्हणजे खरी भीती पुण्याला गेलेल्या त्या पहिल्या मालकानं बाळगायची. तो निवांत असतो. अशा एका गाडीचा आताचा मालक मला म्हणाला, "टीटी कशाला करताव साहेब, उगं खर्च. आम्ही कुठं केली?"

मधे हैदराबादचा मोह झाला. नांदेडच्या माणसाला तो होतोच; निजामाचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली तरी स्वस्त माल म्हटला की आमचे डोळे तिकडंच वळतात. तिथं मोठ्या शहरात तसल्या गाड्या ढिगानं, निगा राखलेल्या, भाव कमी. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इथला कर, मग इथला नंबर, एवढं करताना तो कमी भाव देगलूर येईपर्यंत संपतो. अनेक जण हे काहीच करत नाहीत आणि तेलंगणाच्या नंबरवर वर्षानुवर्षं फिरतात. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर नोंद बदलावी लागते हे त्यांना सांगितलं की ते म्हणतात, "परवाच आणली." तेलंगणानं २०२४मध्ये गाड्यांचं टीएस बदलून टीजी केलं, तेव्हापासून टीएसवाल्यांचं परवाच जरा जुनं दिसायला लागलंय.

शेवटी लातूर.

लातूरच्या जुन्या गाड्या वेगळ्या असतात याला कारण लातूर पॅटर्न. गावात हजारो पोरं नीटच्या अभ्यासाला येतात, आणि त्यांच्या वडिलांजवळ आमिष आणि धाक अशी दोनच हत्यारं असतात. मोटारसायकल हे दोन्हीचं काम करते. बक्षीस म्हणून कबूल केलेली, मार्क कमी पडले म्हणून किल्ली काढून घेतलेली, एक वर्ष रिपीट केलं म्हणून कव्हरखाली गेलेली अशी ही तरुण, उदास गाड्यांची पिढी. खोलीपासून क्लासपर्यंत आणि क्लासपासून मेसपर्यंत चाललेल्या गाडीचं मीटर कमी असतं. पण क्लच बघावा. गंजगोलाईच्या त्या गोल बाजारातून, जिथं सोळा रस्ते एकमेकांची वाट अडवतात, तिथून ती रोज पहिल्या गिअरमध्ये गेलेली असते.

औसा रोडकडच्या एका सरांची डोमिनार असल्याचं कळलं. २०१८ची, ३७३ सीसी, एबीएसवाली. एबीएस मुद्दाम सांगतो, कारण सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना ते एप्रिल २०१९पासून सक्तीचं झालं. त्याआधीची घेताना असेलच असं धरून चालू नये, पुढच्या चाकावर दातेरी कडी दिसते का ते वाकून बघावं. मिस्त्रीला दुकान सोडता येत नव्हतं. तो व्हिडिओ कॉलवर येणार होता. मी, मामा आणि शेजारचा एक तरुण जो "फक्त सोबत" आला होता, असे निघालो. माळेगाव आलं तेव्हा मामांनी गाडीतूनच खंडोबाला हात जोडले आणि कुणीतरी फार पूर्वी त्यांना तिथं लंगडं वासरू कसं विकलं ते आष्टामोडपर्यंत सांगितलं. विकणारा लातूर जिल्ह्यातला होता.

सरांनी गाडी पोर्चमध्ये, पोराच्या अभ्यासाच्या टेबलासमोरच्या खिडकीतून दिसेल अशी दोन वर्षं उभी केली होती. "रोज समोर पाहिजे," सर म्हणाले. "ध्येय." पोरगं दुसऱ्या खेपेला लागलं आणि लांबच्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात गेलं. आता ते म्हणतं इलेक्ट्रिक स्कूटर बरी. सर दर रविवारी पूजा झाल्यावर गाडी सुरू करायचे, दहा मिनिटं जागेवर चालवायचे, कधीतरी औशापर्यंत जाऊन यायचे आणि परत कव्हर घालायचे. मीटर सात हजारांवर. मला तर ऐकूनच घ्यावीशी वाटली. मी ताबडतोब गाडीकडं पाठ केली आणि त्यांच्या आंब्याच्या झाडाची चौकशी सुरू केली.

फोनवरून मिस्त्री म्हणाला, "सायलेन्सरके पास धरो." धरला. "अब हेडके पास." धरला. "अब मामाकू बोलो बाजू हटो, खाँसी सुनाई देती." मग त्यानं टायरवरचा आकडा वाचायला लावला. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. १४१८ म्हणजे २०१८चा चौदावा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि रबर दगडासारखं. "बदलना. बॅटरी बदलना. ब्रेक का तेल बदलना. टाकी में बत्ती मारके देखो, जंग है क्या." उभ्या गाडीची दुखणी चालत्या गाडीहून वेगळी असतात असं त्याचं मत. हे मी मामांना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "बांधून ठिवलेला बैल पाय धरतोच की."

मग मामा उकिडवे बसले. लातूरच्या उन्हात, धोतराचा सोगा सावरत, त्यांनी मागच्या चाकाच्या चेनपाशी मान घातली. बैलाला खालच्या जबड्यात पुढचे आठ दात असतात. पक्का दात एकही आला नसेल तर आदत, दोन आले तर दुसा, चार आले तर चौसा आणि आठही आले की जुळलेला. त्यानंतर वय सांगता येत नाही, झीज बघावी लागते. चेनच्या चक्रीचंही तसंच आहे. नव्या चक्रीचे दात सरळ आणि बोथट असतात. चेन ओढून ओढून ते एका अंगाला झुकतात, टोकदार होतात, आकडीसारखे वळतात. मीटर मागं फिरवणाऱ्याला चक्री फिरवण्याचं सहसा सुचत नाही. मामांनी बोटानं एक एक दात चाचपला, बोटाला लागलेलं वंगण धोतराला पुसलं आणि सरांना विचारलं, "दुसा?"

सर मराठीचे. पण मूळ गाव उदगीर तालुक्यातलं, हाळी-हंडरगुळीच्या बाजाराजवळचं. ते म्हणाले, "आदत म्हणा हो. दुसा कुठं!"

तिथून पुढं माझं काही काम उरलं नाही.

मामा नंतर गाडीकडं फिरकलेच नाहीत. ते घरभर हिंडले. पाणी मागितलं आणि माठ कुठं ठेवलाय, खाली तिवई आहे का, हे बघितलं. चपला ओळीनं लावलेल्या बघितल्या. पोर्चच्या कोपऱ्यात सरांची स्वतःची गाडी होती, हिरो होंडा सीडी १००, नव्वदच्या दशकातली, किकवर एका दमात सुरू होणारी. तिची पंधरा वर्षं संपल्यावर सरांनी आरटीओत नेऊन नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं होतं आणि तो कागद फाइलमध्ये होता. असा माणूस मराठवाड्यात तरी मी दुसरा बघितलेला नाही. फाइलमध्ये बाकीचंही सगळं होतं: विम्याची दर वर्षाची पावती, बँकेचं कर्ज फिटल्यावर बोजा उतरवल्याचा ३५ नंबरचा फॉर्म, सर्व्हिसची पुस्तिका, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, कंपनीच्या मूळ स्क्रूंसकट, साडी गार्ड.

मी पिशवीकडं बघतच राहिलो. सरांनी माझ्याकडं बघितलं. भाव वाढणार हे मला कळलं.

"एक पंधरा," सर म्हणाले.

माझ्यासोबतच्या तरुणानं "अॅव्हरेज काय देती?" असं विचारलं. हा प्रश्न आमच्याकडं विमानाबद्दलही विचारतील. तीसच्या आत-बाहेर, असं सरांनी सांगितल्यावर तो हळहळला. "म्हंजी हिला पाळायलाच परवडत न्हाई." खरं तर तो घासाघीस चालू करण्याचा त्याचा मार्ग होता, पण सर शिक्षक होते, त्यांनी त्याला मायलेज आणि सीसी यांचा संबंध समजावून सांगितला.

बैलबाजारात जुन्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा. हेडी आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटं दाबून किंमत सांगायचे. भोवतीच्या शंभर माणसांना फक्त रुमाल हललेला दिसायचा. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. सर हसले, पण त्यांनी हात पुढं केला. दोघं पोर्चमध्ये, डोमिनारच्या सीटवर उपरणं पसरून, त्याखाली हात घालून उभे राहिले. सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या. मी पैसे देणारा, मला काहीच कळत नव्हतं. मामा एकदा "न्हाई न्हाई" म्हणाले. सर एकदा "तेवढ्यात टायर येतील का?" म्हणाले. मग दोघांनी हात बाहेर काढले आणि चहा घेतला.

ब्याण्णव हजार ठरले होते. टायर आपले, साडी गार्ड त्यांच्याकडून, कव्हर त्यांच्याकडून. टीटीचा खर्च निम्मा निम्मा. सरांनी त्याच वेळी २९ आणि ३०चे फॉर्म काढले, कोरे नाही, पूर्ण भरलेले. फक्त घेणाऱ्याचं नाव आणि किंमत घालायची राहिली होती. सगळी कागदपत्रं आरटीओत लागल्याशिवाय किल्ली देणार नाही, असं म्हणाले. मला वाटतं त्यांनी २०१८चा तो निकाल वाचला असावा.

नावावर होऊन गाडी आली तेव्हा "केवढ्याला बसली?" हा प्रश्न सुरू झाला. याचं एकच उत्तर नसतं. वडिलांना पंच्याऐंशी सांगितले. ज्याची गाडी मी नाकारली होती त्या मित्राला एक लाख. बायकोला फाइल दाखवली, त्यात साडी गार्ड दाखवलं, आणि किमतीचा विषय तिथंच थांबला. शेजारच्या तरुणाला खरी किंमत माहीत होती, म्हणून तो सगळीकडं ऐंशी सांगत होता आणि ती आपण पाडली असंही सांगत होता. ज्यांना ज्यांना कळलं ते सगळे म्हणाले, "महाग घेतली. मला सांगायचं होतं."

एका रविवारी मामांना मागं बसवून, दोन्ही पाय एका बाजूला, धोतर नीट गार्डच्या बाहेर, लोह्याला नेलं. चौकात रसवंतीपाशी थांबलो तर एक अनोळखी माणूस आला. गाडीकडं पाठ करून उभा राहिला. रसवंतीचं यंत्र कुठल्या कंपनीचं, ऊस कुठला, बर्फ कुठून येतो, असं सगळं विचारून झाल्यावर सहज म्हणाला, "नांदेडचीच का गाडी?"

मी काही बोलायच्या आत मामांनी ग्लास खाली ठेवला आणि खांद्यावरचं उपरणं काढलं.